चौथ्या तासातलं पेंबर्ली

बीबीसीने १९९५ साली केलेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही मालिका सहा भागांची आहे आणि प्रत्येक भाग साधारण ५५ मिनिटांचा. हे गणित मला पाठ आहे, कारण माझं डायलिसिस चार तासांचं असतं. सोमवारी पहिले चार भाग बसतात. बुधवारी उरलेले दोन, आणि वेळ शिल्लक राहतो म्हणून पुन्हा पहिला आणि दुसरा. शुक्रवारी तिसऱ्यापासून शेवटपर्यंत. म्हणजे आठवड्यात दोन पारायणं.

पारायण हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्याला पुढच्या अध्यायात काय होणार याची उत्सुकता नसते. तरी तो वाचतो, क्रमाने वाचतो. सुरुवातीला मी खुर्चीत नव्या मालिका बघून पाहिल्या. पुढे काय होणार ही टांगणी सहन होईना. माझ्या रक्ताच्या अहवालात तेवढी टांगणी पुरेशी असते. डार्सी आणि एलिझाबेथचं लग्न होणार हे जेन ऑस्टेनने १८१३ सालीच ठरवून ठेवलं आहे, याचा मला केवढा तरी आधार वाटतो. शेवट माहीत असला की नजर मोकळी होते, आणि मग जे दिसतं त्याबद्दल मला लिहायचं आहे.

एम.ए.च्या वर्गात आम्हाला अशा मालिकांकडे संशयाने बघायला शिकवलं होतं. इंग्लंडची गढीवजा घरं, हिरवळी, चहाची भांडी, इतिहासाचं पर्यटन. पेंबर्ली म्हणून दिसतं ते चेशरमधलं लाइम पार्क आहे आणि ते बघायला लोक तिकीट काढून जातात. हा आक्षेप मला आजही मान्य आहे. फक्त आनंद म्हणजे पळवाट, हे जे त्याच्या मागोमाग येतं, ते आता पटत नाही. डाव्या हातात दोन सुया टोचलेल्या असताना पळणार कुठे?

व्हर्जिनिया वुल्फने आजारपणावर १९२६ साली एक निबंध लिहिला. प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या पंगतीत साहित्याने आजाराला पान का वाढलं नाही, ही तिची तक्रार रास्त आहे. पण आजारात लांबलचक गद्य नको, कवी हवेत, असाही तिचा सूर आहे, आणि तिथे माझं तिच्याशी जमत नाही. तिचा आजारी माणूस अंथरुणात पडून आकाश बघतो. त्याला बरं व्हायचं असतं. माझ्यासारख्याला बरं व्हायचं नसतं, चालू ठेवायचं असतं. आणि चालू ठेवायला कवितेच्या झटक्यापेक्षा भागांत विभागलेली गोष्ट उपयोगी पडते.

चर्चिल डिसेंबर १९४३ मध्ये न्यूमोनियाने उत्तर आफ्रिकेत अडकले होते, तेव्हा त्यांच्या मुलीने, सारानेही त्यांना हीच कादंबरी वाचून दाखवली होती. या माणसांची आयुष्यं किती निवांत, ना फ्रेंच क्रांतीची काळजी ना नेपोलियनची, असं त्यांना वाटलं. मला ती निवांत वाटत नाहीत. बेनेट मेले की घर कॉलिन्सच्या ताब्यात जाणार आणि पाच मुली, एक आई रस्त्यावर येणार. सगळं घर एका माणसाच्या तब्येतीवर उभं आहे, आणि तो माणूस पुस्तकांच्या खोलीत बसून कोट्या करतो. मिसेस बेनेटच्या नसांच्या दुखण्यावर आपण सगळे हसतो. अ‍ॅलिसन स्टेडमनने ती भूमिका इतक्या चिरक्या आवाजात केली आहे की न हसणं अशक्य. पण त्या घरात हिशेब करणारी तीच एकटी आहे. आजारी माणसाच्या घरात असा हिशेब करणारं कुणीतरी असतंच, आणि त्याचाच आवाज सगळ्यांना नकोसा होतो.

आता मालिकेकडे. अँड्र्यू डेव्हिसने पटकथेत एक गोष्ट उघडपणे बदलली: त्याने पात्रांना शरीरं दिली. कादंबरी बेनेट नवराबायकोच्या संवादाने सुरू होते. मालिका सुरू होते ती दोन दौडणाऱ्या घोड्यांनी. टेकडीवरून एलिझाबेथ ते बघते आणि मग स्वतःच उतारावरून धावत सुटते. पुढे डार्सी आंघोळ करतो, तलवारबाजी करतो, तळ्यात उडी मारतो. यातलं काहीही ऑस्टेनने लिहिलेलं नाही. एलिझाबेथची पायपीट मात्र मूळचीच आहे: आजारी बहिणीला बघायला ती तीन मैल चिखल तुडवत जाते आणि परकराच्या काठावरून बिंग्लीच्या बहिणींची बोलणी खाते. जेनिफर इलीची चाल हा मला या मालिकेतला सगळ्यात मोठा अभिनय वाटतो. ती ठामपणे, किंचित घाईने, हात मोकळे सोडून चालते. खुर्चीतून मी आधी त्या पायांकडे बघते, मग चेहऱ्याकडे. यावर डेव्हिसने एलिझाबेथची बुद्धी कमी करून तिचे गाल लाल केले, अशी टीका करता येईल. कादंबरीतला निवेदनाचा खोडकर आवाज मालिकेत बराचसा हरवतो, हे खरंच आहे. पण तो आवाज मला पुस्तकात मिळतो. चालणं पुस्तकात मिळत नाही.

सोमवारी चौथा भाग चौथ्या तासात येतो. त्या तासाला रक्तदाब उतरतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि नेमकं तेव्हाच पेंबर्ली दिसतं. डार्सी तळ्यात उडी मारतो तो प्रसंग जगभर ओल्या सदऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१३ साली लंडनच्या सर्पेंटाइन तलावात डार्सीचा बारा फुटी पुतळासुद्धा उभा केला होता. मला दिवसाला ७०० मिलिलिटर पाणी चालतं, त्यात चहा, आमटी, औषधाचे घोट सगळं धरून. तेव्हा त्या दृश्यात मी कॉलिन फर्थकडे बघतच नाही. तळ्याकडे बघते. इतकं पाणी, आणि त्यात एक माणूस कपड्यांसकट शिरतो, मोजमाप न करता. हा अर्थ डेव्हिसच्या मनात नव्हता. तरी तो तिथे आहे, आणि तो बघताना मला हेवा वाटत नाही, हे मलाच नवल वाटतं. ओठ कोरडे असतात आणि तरीही बरं वाटतं.

उरलेला आनंद धंद्याचा आहे. मी मनातल्या मनात ही मालिका मराठीत करत असते. इंग्रजीत सगळे सगळ्यांना एकाच सर्वनामाने बोलतात. मराठीत मला दर वाक्याला तू की तुम्ही हे ठरवावं लागतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी डार्सी पहिली मागणी घालतो तेव्हा ‘तुम्ही’ सोपं आहे, कारण अपमान आदरार्थी बहुवचनात जास्त बोचतो. अडचण दुसऱ्या मागणीची. बंगालीत ‘आपनि’वरून ‘तुमि’वर येणं हाच प्रेमाचा कबुलीजबाब होऊ शकतो. हिंदीत दोघंही ‘आप’वर राहिले तरी गोडवा जात नाही. मराठीत डार्सी ‘तू’ म्हणाला आणि एलिझाबेथ ‘तुम्ही’वरच राहिली, तर ती लगेच आमची आजी होते: तो ‘अगं’, ती ‘अहो’. पाच भाग भांडून मिळवलेली बरोबरी एका सर्वनामात गेली. दोघांनी ‘तू’ म्हटलं, तर कॉलेजच्या कट्ट्यावर आल्यासारखं होतं. दूरदर्शनने १९८५ साली याच कादंबरीवर ‘तृष्णा’ केली, तिला हिंदीमुळे हा पेच पडला नसावा. माझा सध्याचा निर्णय असा: दोघंही शेवटपर्यंत ‘तुम्ही’, पण वाक्यं आखूड करायची. मालिकेत हा प्रसंग रस्त्याने चालता चालता घडतो आणि फर्थ बहुतेक वेळ समोर बघत बोलतो. आखूड वाक्यं त्याच्या तोंडी शोभतात. शेजारच्या खुर्चीतल्या अम्मांना इंग्रजी येत नाही; माझ्या पडद्याकडे मान वळवून त्या हैदराबादी हिंदीत विचारतात, “शादी हुई क्या नै?” शुक्रवारी मला ‘हो’ म्हणता येतं.

या सगळ्या सुखात एक कुसळ आहे. लेडी कॅथरीनची मुलगी अ‍ॅन डी बर्ग. डार्सीशी तिचं लग्न लहानपणीच ठरलं आहे, असं तिची आई धरून चालते. ती सतत आजारी असते. कादंबरीत तिच्या तोंडी एकही थेट वाक्य नाही. मालिकेत ती शाल गुंडाळून, फिकट, जवळजवळ मुकी बसलेली दिसते. पहिली कित्येक वर्षं मला ती दिसलीच नव्हती. आता दिसते. कादंबरीत एलिझाबेथ तिला लांबून बघते आणि तिचं रोगट रूप बघून खूश होते: डार्सीला हीच बायको शोभेल! ज्या मुलीच्या चालण्यावर मी जगते, ती माझ्याकडे बघून हसते आहे.

ऑस्टेनला माफ करावं, तर कशाच्या आधारावर? १८१७ च्या जानेवारीत ती ‘सँडिटन’ लिहायला बसली. समुद्रकाठचं हवापालटाचं गाव, आणि त्यात दुखणी कुरवाळत बसणारी पार्कर भावंडं. त्यांची तिने यथेच्छ टर उडवली आहे. मार्चमध्ये लेखन थांबलं, जुलैत ती गेली. वय ४१, मी त्याच्या पुढे आले आहे. म्हणजे स्वतः खंगत असताना ती आजाऱ्यांची चेष्टा लिहीत होती. डेव्हिसने २०१९ साली त्या अपुऱ्या मजकुरावर मालिका केली आणि तिची प्रेमकथा करून टाकली. ती मी दोन भागांत सोडली. तिच्यात सगळे फार निरोगी आहेत.

अ‍ॅनबद्दलच्या त्या वाक्याचं मी काय करणार, हा प्रश्न राहतो. आधीच्या कच्च्या खर्ड्यात मी ‘नाजूक प्रकृतीची’ असं लिहिलं होतं. एलिझाबेथ मला आवडते, म्हणून तिची जीभ जरा सांभाळून घेतली होती. गेल्या शुक्रवारी, पाचवा भाग चालू असताना, मोकळ्या उजव्या हाताने मी ते खोडलं आणि ‘रोगट, तुसडी’ असं लिहिलं.