‘जुळवून घेणे’ : तपकिरी शैवालांच्या निमित्ताने एका क्रियापदाची चिकित्सा

शास्त्रीय मराठी गद्यात काही वाक्ये इतकी रूढ झाली आहेत की, त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. ‘ही वनस्पती परिस्थितीशी जुळवून घेते’ हे त्यांपैकी एक होय. समुद्रातील तपकिरी शैवालांविषयी लिहिताना तर ते सहजच लेखणीतून उतरते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेले हे वाक्य विचारदृष्ट्या सदोष आहे; आणि तो दोष शब्दापुरता नसून सिद्धांतापर्यंत पोचणारा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम क्रियापदाचा विचार करू. धातूच्या ‘ऊन’-प्रत्ययान्त रूपापुढे ‘घेणे’ आले म्हणजे बहुधा क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते. ‘वाटून दिले’ आणि ‘वाटून घेतले’ यांतील भेद कोणाही मराठी भाषकास सांगावा लागत नाही. शिवाय ‘जुळवणे’ हे ‘जुळणे’चे प्रयोजक रूप. म्हणजे कर्त्याचा प्रयत्न आणि कर्त्याचा लाभ असे दोन्ही अर्थ या एका क्रियापदात अध्याहृत आहेत. शैवालापाशी प्रयत्नही नाही आणि हेतूही नाही.

यावर ‘अनुकूलन’ हे संस्कृत नाम योजावे, असे कोणी म्हणेल. डॉ. रघुवीर यांच्या पारिभाषिक कोशकार्याचे केंद्र काही काळ नागपुरातच होते. विज्ञान देशी भाषांतून बोलू शकते, हा विश्वास त्या पिढीने दिला; ते ऋण मान्यच आहे. परंतु नाम घडविले म्हणजे वाक्य घडले, असे नव्हे. ‘अनुकूलन’ या भाववाचक नामात कर्ता नाही, तसाच काळही नाही. बदल एका जीवाच्या आयुष्यात घडला की शेकडो पिढ्यांत, हे त्यावरून कळत नाही. क्रियापद नको तो कर्ता पुरविते, तर नाम हवा तो काळ लपविते.

हा भेद कळमन्याच्या बाजारात उत्तम समजतो. तेथे येणारा संत्रा आंबियाचा की मृगाचा, हे अडत्या साल आणि चव पाहून सांगतो. दोन्ही फळे एकाच जातीच्या, जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून वाढविलेल्या झाडांची. त्यांचा आनुवंशिक वारसा एकच. फरक पडतो तो ऋतूचा आणि पाण्याचा. बागाईतदार झाडाला ताण देऊन ‘बहार धरतो’. या प्रयोगात कर्ता माणूस आहे. झाडाने काही ‘जुळवून घेतले’ असे तो म्हणत नाही.

आता समुद्राकडे वळू. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नेरिओसिस्टिस या शैवालाची पाती शांत पाण्यात रुंद व झालरीसारखी, तर वेगवान प्रवाहात अरुंद व सपाट असतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही शैवाले एका जागेहून दुसरीकडे हलविली असता नवी वाढ नव्या जागेच्या धर्तीने झाल्याचे आढळले. पात्याची कड मध्यभागापेक्षा जलद वाढली की झालर पडते, इतकाच त्यामागील यांत्रिक व्यापार. येथे वारसा तोच राहून रूप पालटले.

बाल्टिक समुद्रातील फ्यूकसची कथा याच्या उलट आहे. महासागराच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे 35 भाग क्षार असतात. बाल्टिकच्या उत्तर भागात ते प्रमाण पाचाच्या आसपास येते. इतक्या अल्प क्षारतेत महासागरी फ्यूकसच्या पुंयुग्मकांना नीट पोहता येत नाही, बाल्टिकमधील फ्यूकसच्या पुंयुग्मकांना येते. हा फरक पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आला आहे. तेथेच 2005 मध्ये फ्यूकस रॅडिकन्स ही वेगळी जाती वर्णिली गेली. तुटलेल्या फांद्या पुन्हा रुजून तिचा प्रसार होतो. त्यामुळे शेकडो किलोमीटर किनाऱ्यावर एकाच मादीची प्रतिरूपे पसरलेली सापडतात.

नेरिओसिस्टिस आणि फ्यूकस या दोहोंना ‘जुळवून घेतले’ हे एकच क्रियापद लावणे म्हणजे संशोधनाचा निष्कर्षच पुसून टाकणे होय. केवळ रूपावर विसंबल्याने काय घडते, याचे उदाहरण कोकणच्या खडकांवरही आढळणारे सर्गॅसम देते. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या शब्दावरून आलेल्या या नावाची प्रजाती सी. आगार्ड यांनी 1820 मध्ये स्थापिली. पुढे पानांच्या आकारभेदावरून तिच्या जातींची नावे शेकड्यांनी वाढली आणि त्यांतील अनेक नंतर एकमेकींत विलीन करावी लागली.

रूपकाविना विज्ञान लिहिता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. ‘निवड’ या शब्दावरून डार्विनलाही टीका सोसावी लागली; 1861 च्या आवृत्तीत त्याने आपल्या शब्दयोजनेचे समर्थन केले. परंतु त्याने रूपकाची मर्यादा सांगितली. आपल्याकडे ती सांगितली जात नाही, हीच तक्रार आहे.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. 2011 च्या सागरी उष्णतेच्या लाटेत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुमारे 100 किलोमीटर किनाऱ्यावरील केल्पची वने नष्ट झाली. जो वाचक ‘जुळवून घेते’ या वाक्यावर वाढला, त्याला हा नाश अनाकलनीय वाटेल. कारण त्या वाक्यात अपयशाला जागाच नाही. प्रत्येक जीवाची रूप पालटण्याची शक्ती मर्यादित असते, आणि निवडीसाठी समूहात आधीपासून आनुवंशिक विविधता असावी लागते. ती नसेल तर निवडावयाचे काय?

म्हणून नवा शब्द घडविण्यापूर्वी वाक्य बदलावे. एका जीवाविषयी लिहिताना ‘त्याचे रूप पालटते’ असे म्हणावे. समूहाविषयी लिहिताना ‘या परिस्थितीत तगणाऱ्यांची संतती वाढली’ असे म्हणावे. वाक्ये थोडी लांबतील. पण मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने कर्ता कोण आणि काळ कोणता, हे दोन प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारले, तर परिभाषेचे निम्मे काम व्याकरणच करील.