भिंतीवरच्या पानाची उतरंड

कवितासंग्रहाची समीक्षा होते, कादंबरीची होते. छापील पानाच्या मांडणीची दखल मात्र मराठीत क्वचितच घेतली जाते. वास्तविक चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ज्या घरी पुस्तक नसते, त्याही घरी बहुधा दिनदर्शिका टांगलेली असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले ‘कालनिर्णय’ हे तिचे सर्वपरिचित रूप. त्याच्या पानाकडे आम्ही येथे एक साहित्यकृती म्हणून पाहू इच्छितो.

पानाचा पाया म्हणजे चौकटींची आखणी. वारांच्या आडव्या ओळी, तारखांचे उभे रकाने, आणि प्रत्येक दिवसाला सारखीच जागा. या समतेवर मग उतरंड रचलेली आहे. (हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजतो; थोरले मडके वर ठेवले की रास कोसळते.) तारखेचा आकडा दारातून दिसतो, सण दोन पावले पुढे आल्यावर वाचता येतो, तिथी-नक्षत्रासाठी भिंतीशी जावे लागते. सुटीचा दिवस तांबडा. ही लाल शाई आम्हांस ओळखीची आहे. मिस्साग्रंथात प्रार्थना काळ्या अक्षरांत आणि याजकासाठीच्या सूचना लाल अक्षरांत छापतात. ‘रुब्रिक’ हे त्या सूचनांचे नाव लाल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच पडले. तेथे लाल अक्षर सेवकाचे काम करते, येथे ते यजमान होऊन बसते.

या भागात अनेक घरांची बोली गोंडी वा माडिया. मराठी शाळेतून आलेली. अशा वाचकाशी अक्षराआधी आकार आणि रंग बोलतात. दुधाचे खाडे, मजुरीचे दिवस, तेंदूपत्त्याच्या हंगामात दिलेले पुडे यांच्या खुणा तो त्याच चौकटींत करतो. सणांची दाटी झालेल्या महिन्यांत मात्र खुणेलाही जागा उरत नाही, आणि बारीक अक्षर एका दिव्याच्या उजेडात म्हाताऱ्या डोळ्यांना लागत नाही. हा दोष लहान नव्हे.

आमच्या धर्मग्रामांच्या दिनदर्शिकांविषयी काय बोलावे! अर्धे पान मान्यवरांच्या छायाचित्रांना. तारखा खाली, खसखशीसारख्या. सारेच ठळक, म्हणून काहीच ठळक नाही. छायाचित्रे खुशाल मागच्या बाजूस जावीत. राखेचा बुधवार दरवर्षी तारीख बदलतो. तो शोधावा लागतो. पुढील वर्षाचे कच्चे पान मुद्रकाकडे परत धाडण्यापूर्वी भिंतीवर टांगावे, आणि तो दिवस सापडतो का, हे गावातील एखाद्या आजीला विचारावे.