शोकगृहातील हास्य : ‘थॉर : लव्ह अँड थंडर’ या चित्रपटाच्या निमित्ताने

धर्मविज्ञानाला वाहिलेल्या पत्रिकेत करमणुकीच्या एका परदेशी चित्रपटाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्तही आहे. त्याचे उत्तर असे की, आपल्या मंडळीतील तरुण देव, मृत्यू व प्रार्थना यांविषयीच्या आपल्या कल्पना व्यासपीठावरून जेवढ्या घेतो, तेवढ्याच पडद्यावरूनही घेतो. शिवाय प्रस्तुत चित्रपटाचा विषयच मुळी देव हा आहे. ज्याची प्रार्थना व्यर्थ गेली अशा एका बापापासून त्याचा आरंभ होतो. अशा चित्रपटाकडे पाळकवर्गाने व धर्मशिक्षकांनी पाठ फिरवणे मला योग्य वाटत नाही.

‘थॉर : लव्ह अँड थंडर’ हा चित्रपट जुलै २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. हैदराबादेत तो इंग्रजीबरोबर हिंदी व तेलुगू या भाषांतही दाखवण्यात आला. आमच्या मंडळीतील काही तरुणांच्या आग्रहावरून मीही त्यांच्यासमवेत तो पाहिला. थॉर हा मूळचा उत्तर युरोपातील प्राचीन लोकांचा मेघगर्जनेचा देव. १९६२ साली अमेरिकेतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने त्याला चित्रकथेत आणले आणि ज्यांना आज सर्वत्र सुपरहिरो म्हणतात त्या वीरांच्या पंक्तीत बसवले. त्याच्यावरील पहिला चित्रपट २०११ साली केनेथ ब्रॅना यांनी, तर दुसरा २०१३ साली ॲलन टेलर यांनी दिग्दर्शित केला. दोहोंची प्रकृती गंभीर होती. २०१७ साली न्यूझीलंडचे दिग्दर्शक टायका वायटिटी यांनी ‘थॉर : रॅग्नारॉक’ या तिसऱ्या चित्रपटात ही प्रकृती पार पालटली. राजवाड्यातील भारदस्त संभाषणांची जागा थट्टामस्करीने घेतली. प्रस्तुत चौथा चित्रपटही त्यांचाच असून त्यात ही मस्करी आणखी पुढे नेलेली आहे.

गंभीर विषय हलक्या सुरात मांडणे हा स्वतः दोष आहे काय? तसे मला वाटत नाही. ‘रॅग्नारॉक’मध्ये एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. ओडिन राजाच्या महालाच्या छतावर त्याच्या शांततापूर्ण राज्याची चित्रे रंगवलेली आहेत. त्याची थोरली कन्या हेला ते छत पाडते, तेव्हा त्याखाली दडवलेली जुनी चित्रे उघडी पडतात. त्यांत ओडिनने केलेल्या क्रूर स्वाऱ्या दिसतात. त्या चित्रपटातील विनोद याच कामी आलेला आहे. तो सत्ताधीशांचा मुलामा खरवडतो. गर्वाचे हसे करणे हे काम जुन्या कराराला परके नाही. संदेष्टे मूर्तींची थट्टा करतात, आणि कर्मेल डोंगरावर एलीया बआलाच्या संदेष्ट्यांना जे बोलतो त्यात उपहास काठोकाठ भरलेला आहे.

देवाधिकांच्या कथेत हसण्यासारखे काही आले की लगेच श्रद्धेला धक्का बसतो, असेही नाही. या शहरातील प्रेक्षकाला हे सांगावे लागत नाही. १९५७ सालचा के. व्ही. रेड्डी यांचा ‘मायाबझार’ तेलुगू घराघरांत आजही जिव्हाळ्याने पाहिला जातो. त्यात एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच कौरवांच्या लग्नघरात जो गोंधळ घालतो, त्यावर तीन पिढ्या पोट धरून हसल्या. पण पडद्यावरील कृष्णाविषयीचा त्यांचा आदर काही उणावला नाही. २०२४ साली आलेल्या प्रशांत वर्मा यांच्या ‘हनुमान’ या तेलुगू चित्रपटातही अतिमानवी सामर्थ्य लाभते ते एका खेडवळ, भुरट्या तरुणाला; पूर्वार्ध सारा गमतीत जातो आणि शेवट भक्तीत होतो. आपल्या मराठीत तर एकनाथांच्या भारुडांनी हसता हसता परमार्थ शिकवला. तेव्हा विनोद आहे की नाही, हा आपला प्रश्न नव्हे. हसणारा कोणाच्या बाजूला उभा राहून हसतो, हा आपला प्रश्न आहे.

आता प्रस्तुत चित्रपटाच्या आरंभाकडे वळू. गॉर नावाचा एक मनुष्य आपल्या लहान मुलीला घेऊन उजाड वाळवंटातून चालला आहे. त्याचे सारे लोक नष्ट झाले आहेत. तो आपल्या देवाची करुणा भाकतो. पाणी मिळत नाही आणि मुलगी त्याच्या हातांत प्राण सोडते. तिला पुरून तो पुढे जातो, तेव्हा अवचित एका हिरव्यागार ठिकाणी त्याला त्याचा देव रापू प्रत्यक्ष भेटतो. तो देव फळांच्या राशीत विजयोत्सव करीत बसलेला आहे. गॉर त्याच्यापुढे गुडघे टेकतो आणि आपल्या दुःखाचे फळ काय, असे विचारतो. देव हसतो. मरणानंतर कसलेही प्रतिफळ नाही, भक्तांनी देवांसाठी मरावे एवढेच त्यांचे काम, असे तो सांगतो. तेथे पडलेली एक शापित तलवार गॉरच्या हाती येते. तिने तो रापूचा वध करतो आणि सर्व देवांचा नायनाट करण्याची शपथ घेतो. ख्रिश्चन बेल या नटाने हा बाप अशा ताकदीने उभा केला आहे की, आमच्या चित्रपटगृहात त्या काही मिनिटांत कोणी हूं की चूं केले नाही.

आणि त्यानंतर लगेच चित्रपट हसू लागतो. थॉरला दोन अजस्र बोकड भेट मिळतात. प्राचीन कथेत त्याचा रथ बोकडच ओढतात, हे खरे. पण येथील बोकड माणसासारखे किंचाळतात आणि ती किंचाळी पुनःपुन्हा ऐकवली जाते. थॉरच्या कुऱ्हाडीला त्याच्या जुन्या हातोड्याचा मत्सर वाटतो. देवांच्या सभेत झ्यूस साऱ्या संकटाकडे दुर्लक्ष करून आपल्या चैनीच्या गोष्टी बोलतो आणि तेही विनोद म्हणूनच. थॉरची पूर्वीची प्रेयसी जेन फॉस्टर हिला कर्करोग झाला आहे व तो शेवटच्या अवस्थेत आहे. थॉरचा हातोडा तिला सामर्थ्य देतो, पण तिच्या मर्त्य देहाची रोगाशी झुंजण्याची शक्ती मात्र शोषून घेतो. एवढी विलक्षण कल्पना हाती असताना तिच्या दुःखाचा क्षण आला रे आला की, कोणीतरी कोटी करतो आणि आपण पुढे सरकतो.

माझा मुख्य आक्षेप येथे आहे. पहिल्या प्रसंगात चित्रपट आपल्याला शिकवतो की, शोक करणाऱ्याच्या तोंडावर हसणे हे रापूचे पाप आहे. त्यानंतरचे सुमारे दीड तास तो स्वतः तेच करतो. गॉरचा प्रश्न आपल्या कानांत घुमत असतो आणि त्यावर उत्तर म्हणून आपल्याला बोकडांची किंचाळी मिळते. झ्यूसचे वागणे तर गॉरच्या आरोपाला पुष्टीच देते. परंतु त्यावर आपण हसावे अशी योजना असल्यामुळे तो आरोप कोणाला लागूच पडत नाही. ज्या चित्रकथामालेतून गॉर आला, ती जेसन एरन यांनी लिहिलेली व एसाद रिबिक यांनी चित्रित केलेली, २०१२ साली सुरू झालेली माला हा प्रश्न सहज सोडत नाही. तेथे तो थॉरच्याही मनात सलत राहतो.

चित्रपटाने आणखी एक पळवाट काढली आहे. गॉरच्या हातातील तलवार तिच्या धन्याला विषासारखी भिनते. म्हणून त्याचा संताप हा हळूहळू तलवारीचा रोग ठरतो. ईयोबाच्या मित्रांची युक्ती याहून फार निराळी नव्हती. त्यांनीही ईयोबाच्या तक्रारीला उत्तर दिले नाही, तिचे निदान केले. तू पापी आहेस म्हणून असे बोलतोस, हे त्यांचे म्हणणे. पण त्या ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर त्या मित्रांवर रागावतो आणि आपला सेवक ईयोब यथार्थ बोलला असा निर्वाळा देतो. ज्याने देवाला कठोर प्रश्न विचारले, त्याला देवानेच खरे ठरवले. गॉरला असा निर्वाळा कोणी देत नाही.

या चित्रपटाविषयी न्यायाने बोलायचे तर त्याचा शेवट मान्य केला पाहिजे. गॉर विश्वाच्या मध्याशी पोहोचतो. तेथे त्याची एक इच्छा पूर्ण होणार आहे. थॉर त्याच्याशी लढणे सोडून मरणोन्मुख जेनजवळ जाऊन बसतो. ते पाहून गॉर सूड मागत नाही, आपली मुलगी परत मागतो. जेन मरण पावते, गॉर मरतो, मुलगी जिवंत होते आणि थॉर तिचा सांभाळ करतो. अखेरच्या प्रसंगी हा गर्जनेचा देव स्वयंपाकघरात तिच्यासाठी न्याहरी करताना दिसतो. येथील विनोद मात्र मला खरा वाटला, कारण त्याआधी कोणीतरी मरणाच्या उशाशी बसलेले होते.

त्या प्रसंगी मला मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आठवला. तेथेही एक बाप आहे आणि त्याची बारा वर्षांची मुलगी आहे. याईर विनवणी करतो. वाटेत उशीर होतो आणि मुलगी मेल्याची बातमी येते. त्या शोकगृहातही हास्य आहे. मुलगी झोपी गेली आहे असे येशूने म्हणताच जमलेले लोक त्याला हसतात. प्रभू त्यांच्याशी वाद घालत नाही. तो हसणाऱ्यांना बाहेर घालवतो आणि आईबापांना घेऊन आत जातो. मुलगी उठल्यावर तिला काही खायला द्या, असे तो सांगतो. त्या घरी आनंद झालाच असेल. परंतु तो त्या खोलीत शिरल्यानंतरचा आनंद होता. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असतानाही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, याचा अर्थही हाच आहे. पुनरुत्थान ज्याच्या हाती आहे, त्यालाही शोक ओलांडून जाण्याची घाई नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात अशा हास्याचा थोर नमुना आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आहे, १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतरची अनेक वर्षांची ताटातूट आहे, अपत्यवियोग आहे आणि तरीही पानोपानी हसू आहे. ते हसू वाचकाला दुःखापासून दूर नेत नाही. ज्या बाईने ते भोगले, तीच हसत असते. म्हणून ते ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणीही येते.

चित्रपट संपल्यावर आम्ही बाहेर आलो, तेव्हा बहुतेक तरुण बोकडांची नक्कल करीत होते. त्यांतला एक मात्र गप्प होता. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले होते. त्यांच्यासाठी आम्ही सर्वांनी रात्र रात्र प्रार्थना केली होती. तो मला म्हणाला, “पाळकसाहेब, त्या बापाला शेवटपर्यंत कोणी उत्तर दिलेच नाही, होय ना?” तो कोणाविषयी बोलत होता, हे मला कळले. त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ झालेल्या उपासनेत मी काय केले, तेही मला आठवले. वातावरण जड झाले होते, म्हणून मृताच्या आयुष्यातील एक गमतीचा प्रसंग सांगून मी लोकांना हसवले होते आणि तेथून थेट स्वर्गीय आशेकडे वळलो होतो. मध्ये जी खोली होती, तिच्यात मी शिरलोच नव्हतो. चित्रपटाचा जो दोष मी वर दाखवला, तो माझ्या उपदेशात आधीपासून होता.

म्हणून बंधुभगिनींनो, माझी विनंती अशी. हा चित्रपट पाहू नका, असे तरुणांना सांगू नये. तो त्यांनी बहुधा पाहिलेलाच आहे. त्यांना एकत्र बसवून पहिला प्रसंग आठवायला सांगावा आणि ‘गॉरने रापूऐवजी ईयोबाच्या देवाकडे हाच प्रश्न नेला असता तर?’ असे विचारावे. त्याच बैठकीत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. ते अंधारात संपते आणि तरीही ते आपल्या प्रार्थनापुस्तकात आहे. लेकराच्या अपेक्षेत म्हाताऱ्या झालेल्या सारेच्या मुलाचे नाव हास्य या अर्थाचे पडले, हेही सांगावे. पण ते त्याच बैठकीत सांगण्याची घाई नको.

त्या तरुणाला मी त्या रात्री उत्तर दिले नाही. “नाही दिले,” एवढेच म्हणालो, आणि त्याच्या घरापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो. त्याच्या आईने चहा केला. त्याच्या वडिलांविषयी बोलत आम्ही उशिरापर्यंत बसलो. बोलता बोलता त्या माउलीला त्यांची एक जुनी खोड आठवली आणि ती हसू लागली. तेव्हा आम्हीही हसलो.