कारभारी कोण?

इंग्रजीतील ‘टॅलन्ट’ हा शब्द आज बुद्धीची वा कलेची देणगी या अर्थाने सर्वांच्या तोंडी आहे; परंतु मुळात ते वजनाचे व द्रव्याचे एक प्राचीन माप होते, आणि त्यास हा दुसरा अर्थ चिकटला तो येशूच्या एका दृष्टांतामुळे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. परदेशी निघालेला धनी आपले द्रव्य तीन चाकरांच्या हवाली करतो. दोघे ते वाढवितात, तिसरा भिऊन जमिनीत पुरून ठेवतो, आणि धनी परत आल्यावर हिशेब मागतो. ख्रिस्ती धर्मातील कारभारीपणाची कल्पना विशद करताना मत्तयाच्या शुभवर्तमानातील या कथेचा आधार हटकून घेतला जातो. गुण हा आपला नव्हे, ती ठेव आहे, व ती इतरांच्या कारणी लावावयाची आहे, असा तिचा आशय. मिल्टनने आपल्या अंधत्वावरील सुनीतात हाच दृष्टांत घेतला आहे. ते सुनीत आम्ही वर्गात कित्येक वर्षे शिकविले, आणि दर वेळी एक शंका आम्हांस सतावीत आली. मिल्टनचा हिशेब तो आणि त्याचा देव या दोघांतला आहे. पण ज्याने आपली देणगी दोन्ही हातांनी लोकांस वाटून टाकली, त्याच्या घरची चूल कोणी पेटविली, ही रकम त्या हिशेबात कोठे धरावयाची?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नुकतीच आम्ही पुन्हा वाचली, ती या शंकेसह. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची साधी भाषा, विनोद व सत्यनिष्ठा यांविषयी इतके लिहून झाले आहे की, त्यांत भर घालण्याचे कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या त्यागाचा आलेख म्हणूनही तो वाचला जातो. आणि टिळक (१८६१–१९१९) त्यागी होते यात संशय कसला? १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार, जात, आप्तेष्ट सर्वांस मुकण्याची त्यांची तयारी होती. पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. आपली काव्यशक्ती त्यांनी भजनांत ओतली, आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीस विलायती चालींच्या गीतांऐवजी अभंगाचा सूर दिला. धनी परत आला असता त्याच्यापुढे निःशंक उभा राहील असाच हा चाकर!

तथापि ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास दुसरीही बाजू दिसते, आणि ती दाखविणारी बाई तक्रार करीत नाही म्हणूनच ती अधिक टोचते. टिळकांनी जे जे टाकले ते एकट्या टिळकांचे नव्हते. धर्मांतराने जात गेली ती त्यांची. पण पती गेला तो लक्ष्मीबाईंचा, आणि लहानग्या मुलास घेऊन नातलगांच्या आश्रयाने काही वर्षे काढली त्यांनीच. घरातला पैसा टिळकांच्या हातून कोणाही गरजवंताकडे जाई. उद्याच्या पिठाची काळजी मात्र स्वयंपाकघरात राही. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनानंतर टिळकांनी ठोमऱ्यांना, म्हणजे आपल्या बालकवींना, अहमदनगरास स्वतःच्या घरी आणले. मराठी कवितेवर त्यांचे हे उपकारच म्हटले पाहिजेत. पण त्या कवीस वाढून घालणारी, त्याचे रुसवे काढणारी कोण, हे वाङ्मयाच्या इतिहासकारांनी विचारलेले आमच्या पाहण्यात नाही. लक्ष्मीबाईंनी ठोमऱ्यांचे चित्र घरच्या मुलाचे काढावे तसे काढले आहे. ते वाचल्यावर विचारण्याची गरजही उरत नाही.

आपल्याकडे खेड्यांतून बायका नवऱ्यास ‘कारभारी’ म्हणतात. शब्द मोठा मार्मिक आहे. कारण बहुधा कारभार दुसरेच कोणी पाहात असते.

यावर कोणी म्हणेल की, हिशेबी वृत्तीने संत निपजत नाहीत; टिळकांनी पिठाचा डबा पाहिला असता तर भजने कोणी लिहिली असती? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. प्रतिभेला घरखर्चाच्या वहीत कोंडू नये, हे आम्हांसही मान्य आहे. पण दृष्टांतातील चाकर धन्याचे द्रव्य व्यापारास लावतो. शेजारच्या चाकराच्या वाट्याचे उचलून तो दान करीत नाही. स्वतःच्या सुखाचा होम आणि दुसऱ्याच्या सुखाचा, त्याला न विचारता केलेला होम, यांत भेद आहे, आणि टिळकांच्या गौरवलेखांत तो पुसला जातो. लक्ष्मीबाई तो पुसत नाहीत. त्या पतीवर निस्सीम प्रेम करतात, त्याच्या संतापाची व लहरींची चित्रे काढताना हसतात, वाचकासही हसवितात. पण एकही नोंद खोडून टाकीत नाहीत.

आता त्यांच्या स्वतःच्या ठेवीकडे पाहावे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईस अक्षरओळख झाली ती टिळकांकडून. दृष्टांताच्या भाषेत बोलावयाचे तर तिच्या पदरी पडले ते अगदी थोडे, तिसऱ्या चाकराइतके. आणि पुरून ठेवण्यास सबबी हव्या तेवढ्या होत्या. सोवळ्याओवळ्याच्या कडकडीत संस्कारांत ती वाढली होती; तरी बाप्तिस्म्यापूर्वीच तिने मनातून जातिभेद काढून टाकला, आणि तोही पतीच्या आज्ञेने नव्हे, स्वतः विचार करून. या प्रसंगाची पाने आम्हांस साऱ्या ग्रंथात श्रेष्ठ वाटतात. टिळकांच्या निधनानंतरचा भाग तितका रंगत नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्याच्याशी भांडावे असा माणूसच तेथे उरलेला नाही.

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले, आणि टिळकांनी लिहिलेल्या अध्यायांच्या कितीतरी पट अध्याय रचिले. काव्य म्हणून पाहता टिळकांची झेप त्यांत नाही; ओवी घरगुती चालीने चालते, कोठे कोठे नुसते कथन होते. टीकाकार येथे गुण कापतील, आणि आम्हीही कापले असते. परंतु टिळकांच्या हाती आलेले ते काम अर्ध्यावर पडले होते, आणि ते उचलण्यास पुढे आली ती उतारवयातली, उशिरा लिहावयास शिकलेली एक विधवा. टिळकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथाचा बराच मोठा भाग तिच्या हातचा आहे.