युद्धाधिकार आणि विधिमंडळाचे मौन

अमेरिकेच्या १९७३ च्या युद्धाधिकार ठरावावरील टीका सामान्यतः दोन प्रकारची असते. एका पक्षाच्या मते ह्या ठरावाने राष्ट्राध्यक्षाच्या सरसेनापतिपदावर आक्रमण केले. दुसऱ्याच्या मते ठराव निर्दोष असून केवळ राष्ट्राध्यक्षांनी तो पाळला नाही. आमच्या मते ह्या दोन्ही टीका मूळ प्रश्नापर्यंत पोहोचत नाहीत. विधिमंडळाने मौन धरले असता त्या मौनाचा अर्थ काय समजावयाचा, हा युद्धाधिकाराच्या विभागणीतील खरा प्रश्न होय.

संविधानकारांचे उत्तर स्पष्ट होते. १७ ऑगस्ट १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या परिषदेत मॅडिसन व गेरी यांच्या सूचनेवरून मसुद्यातील 'युद्ध करणे' हे शब्द बदलून 'युद्ध घोषित करणे' असे शब्द घालण्यात आले. अकस्मात हल्ला परतविण्याची मोकळीक कार्यकारी सत्तेस असावी, एवढाच ह्या बदलाचा हेतू होता. शिवाय भूसेनेसाठी दोन वर्षांहून अधिक मुदतीचा पैसा एका वेळी मंजूर करण्यास मनाई करण्यात आली. सारांश, विधिमंडळाचे मौन म्हणजे नकार.

१९५० साली ट्रूमन यांनी काँग्रेसची संमती न घेता कोरियात सैन्य पाठविले, तेव्हा हा अर्थ उलटला. १९६४ च्या टोंकिन ठरावात काँग्रेस बोलली खरी. परंतु इतक्या मोघमपणे की, तो ठराव १९७१ च्या जानेवारीत रद्द झाल्यावरही व्हिएतनामचे युद्ध चालूच राहिले.

निक्सन यांचा नकाराधिकार डावलून संमत झालेल्या १९७३ च्या ठरावाने मौनास मूळ अर्थ परत देण्याचा यत्न केला. ४८ तासांत अहवाल. ६० दिवसांत संमती न मिळाल्यास माघार. माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस. तत्त्व योग्य होते. उणीव होती ती साधनाची. मुदत संपली हे कोणी ठरवावयाचे आणि संपल्यावर काय आपोआप बंद पडावयाचे, ह्याविषयी ठराव दुबळा आहे. दोन्ही सभागृहांनी राष्ट्राध्यक्षाच्या स्वाक्षरीविना सैन्य परत बोलाविण्याची तरतूद त्यात होती. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या चढ्ढा निर्णयानंतर तिचा आधार ढासळला. परिणाम २०१९ साली दिसला. येमेनमधील युद्धातून अंग काढून घेण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत संमत झाला, ट्रंप यांनी तो नाकारला, आणि सेनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ असे बहुमत असूनही दोनतृतीयांशाअभावी तो नकार कायम राहिला. युद्ध आरंभण्यास ज्या बहुमताची आवश्यकता होती, त्याहून मोठे बहुमत ते थांबविण्यास लागावे, हा संविधानाचा विपर्यास होय.

तथापि सर्व दोष राष्ट्राध्यक्षांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. २०११ साली लिबियातील हल्ले ६० दिवसांपलीकडे गेले. ही कायद्याच्या अर्थाने 'युद्धकृत्ये'च नव्हेत, असा युक्तिवाद ओबामा शासनाने केला. तो लटका होता. परंतु त्याच वर्षी २४ जून रोजी प्रतिनिधिगृहाने मोहिमेस संमती नाकारली आणि तिचा पैसा मर्यादित करण्याचे विधेयकही फेटाळले. म्हणजे होकारही नाही आणि नकारही नाही. अशा सभागृहास मौन सोयीचे असते. यश आले तर वाटा मिळतो, अपयशाचे उत्तर मात्र द्यावे लागत नाही.

आधुनिक युद्धाचा वेग विलंब सहन करीत नाही, हा आक्षेप पहिल्या प्रहारापुरता खरा आहे; एकसष्टाव्या दिवसास तो लागू पडत नाही. म्हणून सुधारणा शब्दांच्या व्याख्येत नव्हे, तिजोरीत शोधली पाहिजे. मुदतीअखेर संमती नसेल, तर सैन्याच्या सुरक्षित माघारीस लागणारा खर्च वगळून मोहिमेचा पैसा आपोआप थांबावा. असे झाले म्हणजे युद्ध हवे असणाऱ्या प्रत्येक सदस्यास उघड मत द्यावे लागेल. ज्यांच्या नावे तरुणांना मरणाच्या तोंडी दिले जाते, त्या नागरिकांचा निदान एवढा तरी हक्क आहे.