बंद कवचाचे फोटो

कासवाचा फोटो काढणे सोपे, असा एक समज आपल्या मंडळींत रूढ आहे. पक्षी उडून जातो, हरीण पळून जाते. कासव बिचारे जाणार कुठे? त्यामुळे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड या बाजूला राहणाऱ्यांच्या जुन्या अल्बममध्ये किंवा आताच्या फोनमध्ये एखादे तरी बॉक्स टर्टल सापडतेच. मंडळाच्या प्रदर्शनासाठी येणारे असे फोटो मी गेली काही वर्षे पाहतो आहे. रंग सुरेख असतात, फोकस अचूक असतो. तरीही त्यांतले बरेचसे फोटो मला फसलेले वाटतात. ते का, हे जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, यांतल्या निम्म्या फोटोंत कासव नसतेच, नुसते कवच असते. बॉक्स टर्टलच्या पोटाकडील कवचाला बिजागरीसारखा सांधा असतो. धोका वाटला की ते डोके, पाय, शेपूट आत घेते आणि डबीचे झाकण लावावे तसे स्वतःला मिटून घेते. म्हणजे पॅटिओच्या टेबलावर किंवा एखाद्याच्या तळहातावर ठेवलेल्या, घट्ट मिटलेल्या कासवाचा फोटो हा खरे तर त्याच्या भीतीचा फोटो. पाहुण्याने घरात शिरताच तोंडावर दिवा धरला आणि आपण दोन्ही हातांनी चेहरा झाकला, तर त्या क्षणाच्या फोटोला कोणी आपले व्यक्तिचित्र म्हणेल का?

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. मॅक्रो लेन्सने अगदी जवळून, मागचे सगळे धूसर करून काढलेला फोटो आपल्याकडे हमखास बक्षीस घेतो. नराचे लालभडक डोळे, कवचावरची पिवळी-नारिंगी नक्षी, सगळे लखलखते. पण हा प्राणी राहतो कसा, याचा त्यात पत्ता नसतो. मेरीलँडमधल्या पटक्सेंट येथे ल्युसिल स्टिकेल यांनी 1944 पासून या कासवांचा अभ्यास केला. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार एकेका कासवाचा वावर साधारण शंभर मीटरच्या आसपासच्या टापूत असतो. तेवढ्या जागेतला पालापाचोळा, कुजके ओंडके, अळिंबी, मे-अॅपलची फळे हाच त्याचा संसार. मे-अॅपलच्या बिया पसरवण्याचे कामही तेच करते. हे सारे धूसर करणे म्हणजे गावाचे नाव खोडून माणसाचा पत्ता देण्यासारखे आहे.

साधी पार्श्वभूमी कुठेच चालत नाही, असे मात्र माझे म्हणणे नाही. रॉजर कॉनंट यांचे सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांवरचे 1958 सालचे मार्गदर्शक पुस्तक ज्यांनी चाळले असेल, त्यांना त्यातली चित्रे आठवतील. त्यांच्या पत्नी इझाबेल हंट कॉनंट यांनी कृष्णधवल फोटो काढून ते हाताने रंगवले होते. त्या चित्रांचा हेतू ओळख पटवणे हा होता, आणि तो त्यांनी चोख पार पाडला. पण आपण रानात जातो ते ओळखपत्राचा फोटो काढायला नव्हे.

उलट बाजूला डेव्हिड कॅरल यांचे ‘द इयर ऑफ द टर्टल’ हे 1991 सालचे पुस्तक ठेवावे. हा गृहस्थ चित्रकार. न्यू हॅम्पशायरच्या पाणथळ जागांत वर्षानुवर्षे हिंडून त्यांनी कासवांचे वर्ष ऋतूंनुसार मांडले आहे. त्यांची चित्रे पाहताना जाणवते ते त्यांच्या हाताचे कसब, पण त्याहून अधिक त्यांचे थांबणे. ते थांबणे कॅमेऱ्याने शिकण्यासारखे आहे.

याचे एक चांगले उदाहरण आमच्याच प्रदर्शनात होते. तळ्यातल्या ओंडक्यावर ऊन खात बसलेली पाच पेंटेड टर्टल्स, समोरच्या काठावरून लांब लेन्सने टिपलेली. एकाने मागचे पाय ताणून बोटे उन्हात पसरली होती. फोटो काढणाऱ्या ताईंनी सांगितले की, त्या पोहोचताच सगळी डुबकन पाण्यात गेली. मग त्या न हलता बसून राहिल्या आणि एकेक करून ती परत वर आली. परीक्षकांपैकी एकाचा शेरा होता, ‘कासवे फार लहान दिसतात.’ माझ्या मते तेच त्या फोटोचे बळ. अंगातली उष्णता आणि पचन यांसाठी या प्राण्याला ऊन लागते; दर वेळी पाण्यात पळावे लागले की ते ऊन वाया जाते. ताणलेला तो पाय सांगतो की फोटो काढणारी व्यक्ती तिथे असूनही कासवाला तिची दखल घ्यावी लागली नाही.

जवळून काढलेल्या फोटोमुळे मुलांना गोडी लागते, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. पण पाठोपाठ मुले कासव घरी आणू पाहतात किंवा आपण दयाबुद्धीने ते दूरच्या ‘छान’ पार्कात सोडतो, आणि ते आपला टापू शोधत रस्ते ओलांडत राहते. रस्त्यावर कासव भेटलेच तर रहदारी पाहून, ते ज्या दिशेने निघाले होते त्याच बाजूला उतरवावे, एवढेच आपले काम.

सुट्टीत भारतात जाऊन वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले पाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून तिथे घरट्यांचे रक्षण सुरू केले. पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात; त्यामुळे तिथे फ्लॅश उडवणे हा नुसता असभ्यपणा नाही, तो त्यांची वाट चुकवणे आहे.

येथे एक पेच आहे, तो मान्य करायला हवा. परिसर दाखवा म्हणावे, तर जागा उघडी पडते. बॉक्स टर्टलची चोरटी विक्री होते. म्हणून 1995 पासून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आहे. ही कासवे वयात यायला बरीच वर्षे घेतात, पिल्ले थोडीच जगतात, आणि मोजक्या माद्या उचलल्या तरी एखाद्या रानातली वस्ती संपू शकते. फोन तर फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही साठवतो. तेव्हा ओंडका दाखवावा, पाचोळा दाखवावा. रस्त्याची पाटी आणि फोनमधली नोंद मात्र काढून टाकावी.

आपल्या संतांनी कासवीच्या दृष्टीची कल्पना केली: ती दुरूनच नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते. प्राणिशास्त्र सांगते की कासवी अंडी घालून निघून जाते, मागे वळूनही पाहत नाही. पण त्या कल्पनेत दूर राहून सांभाळणारी एक नजर आहे, आणि ती कासवीपेक्षा फोटो काढणाऱ्याला जास्त शोभते. पुढच्या प्रदर्शनात परीक्षकांनी फोकस जरूर तपासावा. पण त्याआधी फोटोतल्या कासवाची मान बाहेर आहे का, ते पाहावे.