ओजिब्वे लोकांचे भूर्जपट : एका ग्रंथाचें परीक्षण

सेल्विन ड्यूडनी ह्यांचा दक्षिण ओजिब्वे लोकांच्या पवित्र पटांवरील इंग्रजी ग्रंथ १९७५ सालीं टोरांटो विद्यापीठानें प्रसिद्ध केला. भूर्जपत्राचें नांव निघतांच ज्यांची दृष्टि काश्मीराकडे वळते, अशा आमच्या पोथीसंग्राहक वाचकांस तो अपरिचित असण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा येथें परामर्श घेतों.

ओजिब्वे हे उत्तर अमेरिकेंतील सुपीरियर सरोवराच्या आसमंतांतील लोक. भूर्जाची साल हा त्यांच्या परंपरागत संसाराचा आधार. होडी तिची, घरावरील आच्छादन तिचें, मेपल वृक्षाच्या रसाची साखर व रानतांदूळ सांठविण्याचे करंडेहि तिचेच. वैद्यक व दीक्षा सांभाळणाऱ्या 'मिदेविविन' मंडळाचे पटहि ह्याच सालीचे. काश्मीरांत भूर्जाचे पातळ पदर सोडवून त्यांवर शाईनें लिहीत. येथें जाड सालीवर अणकुचीदार हाडानें आकृति कोरीत. हॉफमन ह्यांनीं १८९१ सालीं प्रसिद्ध केलेला रेड लेक येथील पट सात फुटांहून किंचित् लांब व दीड फूट रुंद असून सालीचे पांच तुकडे झाडाच्या अंतर्सालीच्या वाखानें शिवून केलेला आहे. टोंकें फाटूं नयेत म्हणून दोहों अंगांस लांकडी पट्ट्या बांधल्या आहेत. पोथीच्या फळ्यांची आठवण व्हावी अशीच ही योजना. ह्या मंडळाच्या दीक्षेंत पवित्र मानिलेला 'मीगिस', हॉफमन ह्यांच्या वर्णनाप्रमाणें, आपली कवडीच होय! उष्ण समुद्रांतील ही वस्तु त्या गोड्या सरोवराच्या कांठीं कोणत्या व्यापारमार्गानें पोंचली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ड्यूडनी ह्यांचे परिश्रम मोठे. ठिकठिकाणच्या संग्रहांत विखुरलेले पट त्यांनीं एकत्र ताडून पाहिले. आणि मुख्य म्हणजे शोल लेक येथील जेम्स रेडस्काय ह्या जाणत्या दीक्षिताजवळ बसून त्यांचा अर्थ ऐकिला. उत्पत्तीचे पट, स्थलांतराचे पट, दीक्षाविधीचे पट ही त्यांची विभागणी उपयुक्त आहे. परंतु ह्यांत न बसणाऱ्या कित्येक पटांस ते 'मार्गच्युत' अशा अर्थाचें नांव देतात, तें आम्हांस मान्य नाहीं.

च्युत कशापासून? सुकथनकरांनीं १९३३ सालीं आदिपर्वाची संशोधित आवृत्ति पूर्ण केली, तेव्हां तुलनेस हातीं शब्द होते. ह्या पटांवर शब्द नाहींत. आकृति केवळ पायरी दाखविते, आणि कथा व गीत गुरूच्या मुखांत असतें. आपल्याकडेहि पाणिनीय शिक्षेनें लिखितपाठकास अधम पाठकांत गणिलें आहे. वेदाचा पाठ मात्र अक्षरशः नियत. येथें तसा नियम गृहीत धरतां येत नाहीं. आकृति अगदींच स्वैर होत्या असेंहि नव्हे. फ्रान्सेस डेन्समोर ह्यांनीं १९१० व १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या गीतसंग्रहांत एकानें काढलेलें गीतचित्र पाहून दुसऱ्यानें तेंच गीत ओळखल्याचें नमूद आहे. तेव्हां संकेत होता, पण गुरुपरंपरेगणिक निराळा असण्यास पूर्ण अवकाश होता. काण्व व माध्यंदिन ह्यांपैकीं एका शाखेस कोणी अपपाठ म्हणत नाहीं.

रेडस्काय ह्यांस योग्य शिष्य मिळाला नाहीं, म्हणून त्यांनीं आपले पट कॅलगरी येथील ग्लेनबो संस्थेस दिले. पट सुरक्षित राहिले व त्यांचा अर्थहि ड्यूडनी ह्यांच्या ग्रंथांत उतरला, हें त्या ग्रंथाचें खरें मोल. इतर संग्रहांतील अनेक पटांस हें भाग्य लाभलें नाहीं. आमच्या पोथ्या निदान पुष्पिकेंत लेखकाचें व काळाचें नांव सांगतात. त्या पटांवर तेंहि नाहीं, आणि विकत घेणाऱ्यानें विचारिलें नाहीं. दीक्षितासच क्रमाक्रमानें, दक्षिणा घेऊन, जें दाखवावयाचें, त्याच्या रेखाकृति ड्यूडनी ह्यांनीं सरसकट छापल्या आहेत. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानें सरकारी अनुदान घेणाऱ्या संग्रहालयांवर पवित्र वस्तु मूळ समाजास परत करण्याचें बंधन आलें. हा ग्रंथ त्यापूर्वींचा आहे, हें ध्यानांत ठेवूनच वाचावा. नवी आवृत्ति निघाल्यास आकृतींच्या साम्यावरून वर्ग पाडण्यापेक्षां पट कोणत्या गांवचा, कोणाच्या हातचा व कोणापासून घेतला, ह्या क्रमानें मांडणी व्हावी, आणि कोणतीं चित्रें छापावयाचीं तें ओजिब्वे जाणत्यांनीं ठरवावें.